पोशेऱ्याची वाट, जव्हारचा राजवाडा आणि मुंबईचे पाणी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुले विचारतात, यंदा कुठे जायचे? माथेरान-महाबळेश्वर आपल्या खिशाला परवडत नाही, आणि दरवर्षी गावी जाऊन तेच आंब्याचे झाड किती दिवस बघणार? म्हणून यंदा बुद्ध पौर्णिमा झाल्यावर आमच्या विहारातल्या तीन कुटुंबांनी ठरवले की जव्हारला जायचे. मुलांना राजवाडा बघायचा होता. आम्हा मोठ्यांना मोखाड्याकडचे पोशेरा बघायचे होते, कारण आमच्या ओळखीचा एक कार्यकर्ता त्या भागातल्या पाड्यांवर शिकवणीचे काम करतो आणि त्याचे बोलावणे बरेच दिवस पडून होते.

निघालो ते बोरीबंदरहून. १८८७ साली इंग्लंडच्या राणीच्या ज्युबिलीत या स्टेशनाला राणीचे नाव दिले होते. १९९६ साली ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले. पहाटेची कसारा लोकल पकडली आणि डब्यातच मुलांना गोष्ट सांगितली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजघराण्याने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी सोयरीक केली आणि मुंबई बेट त्याला हुंड्यात देण्याचे कबूल केले. राजाने हे बेट स्वतः कधी बघितलेही नाही. १६६८ साली ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. एका मुलीने लगेच विचारले, "मग इथल्या माणसांना कुणी विचारले का?" आम्ही म्हटले, "बाळ, हाच प्रश्न घेऊन आपल्याला आज सगळा प्रवास करायचा आहे."

कसाऱ्याला उतरून खोडाळ्याची गाडी धरली. विहीगाव मागे पडले. पावसाळ्यात इथल्या धबधब्यावर मुंबईची तरुण पोरे गर्दी करतात; मे महिन्यात कडा कोरडा ठणठणीत होता. पुढे वैतरणा लागली. डोंगराच्या कुशीत अडवलेले निळे पाणी दिसले तशी मुले खिडकीकडे धावली. आम्ही सांगितले, "हे बघून ठेवा. आपल्या नळाला येते ते यातलेच." खोडाळ्याहून मोखाडा आणि तिथून पोशेरा गाठेपर्यंत दुपार टळत आली.

पोशेरा म्हणजे एका जागी दाटीने बसलेले गाव नव्हे. या सगळ्या भागाप्रमाणेच डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, कुडाच्या भिंती, कुठे कौले तर कुठे पत्रे, आणि चढाउतारावर नाचणी-वरईची रिकामी शेते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे आदिवासी बांधव या मुलखात राहतात. कितीतरी घरांना कुलपे होती. दिवाळीनंतर माणसे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि काही बायका.

आमच्यातल्या बायका एका विहिरीवर गेल्या. तळाशी गढूळ पाणी होते आणि तीन बाया वाटीने हंडा भरत होत्या. एक हंडा भरला की थांबायचे, झरा पाझरला की पुन्हा भरायचे. आमच्यातल्या एकीने विचारले, "मावशी, इथे पाऊस कमी पडतो का हो?" ती बाई हसली. म्हणाली, "पाऊस लई पडतो बाई. पानी बी लई आहे. पन ते तुमच्या मुंबईचं."

त्यावर आमच्यापैकी कोणाला काही बोलता आले नाही. खरेच आहे, या डोंगरांवर वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर या मुलखाच्या राजाची आणि मुंबई शहराची जुनी गाठ उलगडून बघितली पाहिजे.

कातड्याएवढी जागा

दुसऱ्या दिवशी जव्हारला गेलो. सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे हे गाव मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. मुकणे हे महादेव कोळी जमातीचे. थळ घाटाजवळच्या मुकणे गावावरून घराण्याला नाव पडले. मूळ पुरुष जयबा मुकणे. १३४३ साली त्याच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या बादशहाने राजा म्हणून मान्यता दिली आणि 'शहा' हा किताब दिला. म्हणजे या देशात आदिवासी घराण्याने सहाशे वर्षे राज्य केले. आदिवासी म्हणजे रानटी, त्याला इतिहास नाही, असे शिकवणाऱ्या पुस्तकांना जव्हार हे उत्तर आहे. ते आपल्या मुलांनी बघितलेच पाहिजे.

पण या राज्याच्या जन्माची जी आख्यायिका सांगतात तीही ऐकण्यासारखी आहे. जव्हार त्यापूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली. नायक म्हणाला, घे. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्यांचा घेर टाकून सगळा डोंगरच ताब्यात घेतला.

आख्यायिका खरी की खोटी हा वाद पंडितांनी घालावा. आपल्या बापजाद्यांनी गावकीत मेलेली ढोरे ओढली आणि कातडी सोलली. बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते काम सोडले. त्यामुळे कातडे म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगायला नको. आम्हाला या गोष्टीतला मुद्दा एवढाच वाटला की मागणारा नेहमी थोडेच मागतो. किती घेतले ते वाद्या जोडून झाल्यावर कळते.

नऊ तोफांची सलामी

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचे पठार आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर निघाले तेव्हा याच मुलखातून गेले, आणि जव्हारचा राजा विक्रमशहा त्यांना इथे भेटला असे सांगतात. सुरतेत तेव्हा इंग्रजांची आणि डचांची वखार होती. समुद्रावरच्या परक्या व्यापारी शहराशी या डोंगरातल्या राज्याचा संबंध आला तो असा, मोहिमेच्या वाटेवर. १६८७ साली इंग्रजांनी आपले ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. त्यानंतर जव्हारच्या नशिबाचा धागा मुंबईला बांधला गेला.

अठराव्या शतकात पेशव्यांनी जव्हारचा मुलूख तुकड्या-तुकड्याने तोडला. १८१८ साली, भीमा कोरेगावची लढाई झाली त्याच वर्षी, पेशवाई बुडाली आणि उत्तर कोकणची सत्ता इंग्रजांकडे गेली. राजाच्या हाती उरले सुमारे ३१० चौरस मैलांचे डोंगराळ संस्थान. १९०१ च्या खानेसुमारीत तिथली लोकसंख्या सत्तेचाळीस हजारांवर होती. राजा मुंबई सरकारला खंडणी देत नसे. पण त्याच्या डोक्यावर पोलिटिकल एजंट म्हणून बसला होता ठाण्याचा कलेक्टर. पुढे राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान मिळाला.

मुलांना आम्ही समजावले की सलामी म्हणजे काय. हैदराबाद, म्हैसूर, बडोद्याला एकवीस, कोल्हापूरला एकोणीस, जव्हारला नऊ. तोफा मोजून राजांना रांगेत उभे करायचे आणि रांग लावणारा मात्र स्वतः विलायतेत. शाळेत आपल्या पोरांना कुठे बसवायचे हे गुरुजी ठरवत, तसे राजांना कुठे बसवायचे हे इंग्रज ठरवत होता. ज्या राजाला आपल्या मुलखाचा अभिमान होता, तोही त्या पायऱ्यांवरच उभा होता.

जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. त्यांनी बांधलेला जयविलास राजवाडा गावाबाहेर झाडीत उभा आहे. गुलाबी दगडाचा, घुमटाचा, विलायती धाटणीचा. मुले खांब मोजत पळाली. गावात पतंगशहा राजाच्या नावाचे सरकारी कुटीर रुग्णालय आहे. सगळ्या तालुक्याला त्याचाच आधार. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, यशवंतराव पुढे निवडून येऊन खासदार झाले. राजा मत मागायला रयतेच्या दारी गेला, ही आमच्या मते राजवाड्यापेक्षा बघण्यासारखी गोष्ट होती. पण ती दगडात दिसत नाही.

चांगला राजा आणि हक्क

आपल्या समाजात चांगल्या राजांविषयी कृतज्ञता आहे, आणि ती असलीच पाहिजे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. १९२० साली 'मूकनायक' निघाले त्याला त्यांनी आर्थिक मदत केली आणि माणगावच्या परिषदेत बाबासाहेब हेच तुमचे पुढारी असे सांगितले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले.

पण त्याच बडोद्यात १९१७ साली नोकरीसाठी परतलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले. राजा चांगला होता, तरी शहर चांगले झाले नाही. राजाच्या मनातली दया कारकुनाच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचत नाही, हे बाबासाहेबांनी अंगावर सोसून ओळखले. म्हणूनच २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर भाषण केले, तेव्हा संस्थानी प्रजेची बाजू मांडली. १९३५ च्या कायद्याने संस्थानांचे प्रतिनिधी राजेच नेमणार होते. मग प्रजेचे काय, हा त्यांचा सवाल होता. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी कृतज्ञ राहूनही हक्काचा सवाल सोडायचा नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

या भागात हा सवाल रोजच्या जगण्याचा होता. जव्हार संस्थानी मुलूख आणि शेजारचा मोखाडा पेटा इंग्रजी अमलातला, म्हणजे खालसा मुलूख. आज आपण मोखाड्याहून जव्हारला गाडीने जातो तेव्हा कळतही नाही, पण मध्ये एक सरहद्द होती. भाषा तीच, देव तेच, नाचणीची भाकर तीच, आणि कायदा मात्र दोन. खालशात १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि १९३० साली तिचा अहवाल आला. ती समिती मुंबई इलाख्यासाठी होती. संस्थानातल्या आदिवासीची तक्रार राजापाशी सुरू व्हायची आणि राजापाशीच संपायची.

अर्थात खालशातही सुख नव्हते. १९३६ साली इंग्रजांनी डहाणू, शहापूर तालुके आणि मोखाडा, उंबरगाव पेटे यांना 'अंशतः वगळलेले' क्षेत्र ठरवले. इतरांचे कायदे इथे लागू करायचे की नाही ते गव्हर्नर ठरवणार. नावातच बघा, वगळलेले! आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले होते आणि यांना कायद्याच्या कुसाबाहेर. ठाणे जिल्ह्यात सावकार-जमीनदारांकडे वेठबिगार चालू होती. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघे बांधली जात. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला आणि गोळ्या झेलल्या. इकडे डोंगर असे गहाण पडलेले होते, आणि ठाणे जिल्ह्याच्या जंगलातले लाकूड, जळण आणि कोळसा मुंबईच्या चुलींकडे जात होता. शहराने राजाला सलामी दिली, प्रजेकडून लाकूड आणि मजूर घेतले.

चवदार तळे आणि वैतरणा

मग स्वातंत्र्य आले, संविधान आले. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र झाले. सरहद्द पुसली. राजा, रयत, खालसा, संस्थानी, सगळ्यांना एक मत. १९९६ साली पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ साली वनहक्काचा कायदा आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा मोडून पालघर झाला. कागदावर पोशेऱ्याची आदिवासी बाई आणि मलबार हिलचा शेठ बरोबरीचे झाले. हे थोडे नव्हे, आणि ज्याने हे लिहिले त्याला आपण रोज वंदन करतो.

पण शहराने मागणे सोडले नाही. फक्त आता ते पाणी मागते. मुंबईची तहान आधी बेटाजवळच भागत होती. १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी. मग १८९२ साली शहापूरकडे तानसा. मग १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा, पुढे भातसा. आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण पुरे झाले. शंभर मीटरहून उंच भिंत आणि रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मुंबईला. सातही तलावांचे मिळून मुंबईला दिवसाला पावणेचारशे कोटी लिटरांहून अधिक पाणी मिळते. प्रत्येक वेळी शहराने आपल्या गरजेपुरतेच मागितले. वाद्या जोडून बघितल्या तेव्हा सगळा डोंगर घेरला गेला होता.

१९९२ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, मोटारी आल्या, पाहणी झाली. पण ज्या आईचा अर्धा दिवस हंड्यात जातो, तिने मुलाला वेळेवर काय भरवायचे? कुपोषण आणि पाणी ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

इथे काही वाचक म्हणतील, मुंबईचे पाणी म्हणजे काय आम्ही पितो? आमच्या चाळीत पहाटे चारला तासभर धार येते आणि झोपडपट्टीत तीही नाही. बरोबर आहे. शहरातही पाण्याची वाटणी समान नाही, हे आपण हंड्याच्या रांगेत उभे राहून शिकलो आहोत. पण म्हणूनच आपल्याला बोलण्याचा अधिकार जास्त आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते तहान लागली म्हणून नव्हे. माणसाला माणसाचा हक्क मिळावा म्हणून. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, फक्त आपल्याला मनाई होती. वैतरणेवर कोणी शिवाशिव पाळत नाही; पण पाणी दारावरून जाते आणि दारातल्या बाईचा हंडा रिकामा राहतो. मनाईची पाटी नाही, म्हणून मनाई नाही असे म्हणता येईल का?

शहराचे पाणी बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या डोंगरावर पाऊस पडतो त्या डोंगरावरच्या पाड्यांचा त्यात पहिला वाटा असावा. धरणातून मुंबईला नळ जातात, तसे वर पाड्यांनाही जावेत. पाणी चढवायला वीज लागते, खर्च होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. शंभर मीटरची भिंत बांधताना खर्चाची अडचण आली नाही. ही मागणी आदिवासी बांधव करीतच आहेत. आपल्या विहारातून, युनियनमधून, मंडळातून तिला शहराचा आवाज मिळाला पाहिजे, कारण त्या पाण्यावर जगणारे आपणच आहोत.

परतताना लोकलमध्ये त्याच मुलीने पुन्हा विचारले, "मग आता तरी इथल्या माणसांना विचारतात का?" आम्ही तिला ग्रामसभा म्हणजे काय ते सांगत बसलो. कल्याण येईपर्यंत सांगत होतो. तिचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही, आणि आम्हाला त्याचे बरेच वाटले.

जाणार असाल तर

कसाऱ्याला लोकलने उतरून खोडाळा-मोखाड्याच्या बाजूने जाता येते, किंवा ठाणे-भिवंडीहून वाडा, विक्रमगडमार्गे जव्हारला एस. टी. ने. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगर हिरवे असतात. पण निदान एकदा तरी उन्हाळ्यात जा. मुलांना जयविलास राजवाडा आणि शिरपामाळ दाखवा, आणि एखाद्या पाड्यावरची विहीरही दाखवा. जेवणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या. आदिवासी घरी गेलात तर ते आधी पाण्याचा तांब्या पुढे करतील. तो परत करून त्यांचा मान मोडू नका, पण त्यातले घोटभरच प्या. ते पाणी कुठून आणि किती वेळाने आले आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

जय भीम.